शिंप्याच्या घरचा टेलिफोन

मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी माझ्यासारख्याला फक्त चित्रात पाहिलं असेल. मी एक जुना टेलिफोन आहे, तबकडीचा. अंगाने जाडजूड, वजनाने भारी, रंगाने एके काळी गडद हिरवा. आता तो रंग नक्की कोणता म्हणायचा, यावर आमच्या घरात दोन मतं आहेत. माझ्या पोटावर गोल तबकडी आहे, तिला दहा भोकं आहेत. एकेका भोकात बोट घालून तबकडी फिरवायची, ती कुरकुरत परत जागेवर यायची वाट बघायची आणि मग पुढचा आकडा. घाईच्या माणसाने माझ्या वाटेला जाऊ नये.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसायच्या. एकीने माझ्या पोटात घंटा बसवली, दुसरीने तबकडीची स्प्रिंग ताणून पाहिली, तिसरीने कापडाच्या बोळ्याने मला पुसून चकचकीत केलं. शेवटच्या टेबलावर एक जाड चष्म्याचा तपासनीस होता. त्याने रिसीव्हर कानाला लावला आणि विचारलं, "ऐकू येतंय का?" पलीकडून कुणीतरी म्हणालं, "स्वच्छ." माझ्या आयुष्यातलं हे पहिलं बोलणं. पुढे असंख्य बोलणी माझ्यातून गेली, पण त्यातल्या निम्म्यांची सुरुवात याच प्रश्नाने झाली.

मी ज्या घरी आलो ते घर एका रस्त्याच्या कोपऱ्यावर, तळमजल्यावर होतं. पुढच्या खोलीत शिंप्याचं दुकान, मागे स्वयंपाकघर, बाजूला झोपायची खोली. दुकानात खिडकीपाशी शिलाई मशीन, पायाने चालवायचं. त्याच्या शेजारी कापड बेतायचं लांब टेबल. त्या टेबलाच्या टोकाला, टेप आणि खडूच्या डब्याजवळ, माझी जागा ठरली. मशीनवर जो बसायचा त्याला सगळे मास्तर म्हणायचे. मास्तर कोट आणि पँट शिवायचे. बोलायचे कमी आणि तोंडात टाचण्या धरलेल्या असल्या की मुळीच नाही.

पण मला घरात आणलं होतं ते मास्तरांसाठी नव्हे, त्यांच्या बायकोसाठी. ती नगरपालिकेत टेलिफोन ऑपरेटर होती. गावात कुठे पाण्याचा पाइप फुटला, कुठे आग लागली, तर तिला घरून टेलिफोनच्या बोर्डावर बोलावून घेता यावं म्हणून ऑफिसने हे कनेक्शन दिलं होतं. गाव तिला ऑपरेटरबाई म्हणायचं. माझ्यासाठी मात्र ती नुसती बाई. सकाळी घरातून निघताना ती माझ्यावरून एकदा फडकं फिरवायची आणि मगच चप्पल घालायची.

ते दिवस फार चांगले होते, मित्रांनो. दिवसभर मला उसंत नसायची. गिऱ्हाइकं विचारायची, कोट झाला का. मास्तर म्हणायचे, परवा. परवा परत विचारायची, मास्तर परत म्हणायचे, परवा. शेजारपाजारचे लोक माझ्यावर बोलायला यायचे आणि बोलून झालं की बाईंच्या हातचा चहा पिऊन जायचे. मास्तरांची आणि बाईची एकुलती एक लेक शाळेत असताना मैत्रिणीशी माझ्यावरून गणितं सोडवायची, निदान आईला तरी ती तसंच सांगायची. मास्तरांनी माझ्यासाठी उरलेल्या सुटाच्या कापडाचं एक आवरण शिवलं होतं, त्याला आतून अस्तरही होतं. फोनला अस्तर लावणारा शिंपी तुम्ही कुठे पाहिलात का?

मग एक दिवस असा आला की त्यानंतर मास्तरांनी मला हात लावला नाही.

मास्तरांना एक थोरले भाऊ होते. त्यांनीच मास्तरांना सुई धरायला शिकवलं होतं. त्यांचं पोटाचं एक साधंसं ऑपरेशन होतं. दवाखान्यात ते चालत गेले. जाताना दुकानात डोकावून, अर्धवट शिवलेल्या कोटाची कॉलर कशी बसवायची ते सांगून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाजलो. बाई कामावर होती. मास्तरांनी मला उचललं. पलीकडून एक घाईतला आवाज बोलला, तीन वाक्यांत त्याने सगळं सांगितलं आणि फोन ठेवला. मास्तर बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून उभे होते. माझ्यातून नुसता गूं असा आवाज येत होता. मग त्यांनी रिसीव्हर जागेवर न ठेवता तसाच कापडावर आडवा ठेवला, मशीनवर जाऊन बसले आणि ती कॉलर पुरी केली.

ती बातमी त्यांच्या कानात मीच घातली होती. दोष माझा नाही हे मला कळतं. पण त्या दिवसापासून मी वाजलो की मास्तर पायडल जोरात मारायला लागायचे, मशीनच्या आवाजात माझी घंटा बुडून जावी म्हणून. बाई घरी असली तर धावत यायची. नसली तर मी वाजून वाजून गप्प व्हायचो. गिऱ्हाइकांनाही सवय झाली. मास्तरांकडे काम असेल तर फोन करायचा नाही, दुकानात जायचं. ऑपरेटरबाईचा नवरा आणि फोन उचलत नाही, याची गावाने थोडे दिवस थट्टा केली. बाईने कधीच केली नाही.

वर्षं गेली. लेक मोठी झाली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. तिने आईला मोबाइल आणून दिला. मास्तरांसाठीही आणला होता, त्यांनी तो हात न लावता परत दिला. हळूहळू माझ्याकडे येणारे फोन कमी झाले. मग फक्त चुकीचे नंबर आणि काहीतरी विकणारी माणसं उरली. माझ्या तबकडीच्या भोकांमध्ये खडूची पूड साठू लागली. सुटीला आल्यावर लेक म्हणायची, आई, हा आता कशाला ठेवलाय, उगाच बिल भरतेस. बाई म्हणायची, दुकानाच्या पावतीवर याचाच नंबर छापलाय, पावतीपुस्तकं संपू देत. पावतीपुस्तकांचा एक अख्खा गठ्ठा कपाटात होता. तो संपण्यासारखा नव्हता, हे तिलाही माहीत होतं. खरं कारण असं की बोलताना हातात गुंडाळायला वायर असली की तिला बरं वाटायचं.

मग बाई निवृत्त झाली.

तो दिवस मी पाहिला नाही, पण संध्याकाळी तिने लेकीला फोन केला तो माझ्यावरून, म्हणून मला सगळं कळलं. ऑफिसात फुलं दिली, भाषणं झाली. साहेबांनी तिचा आवाज म्हणजे गावाचा आवाज असं काहीतरी म्हटलं आणि तिला हसू आवरेना. "पगार विभागातला माणूस विम्याचं पण काहीतरी सांगत होता," ती म्हणाली. "हातात एवढा मोठा गुच्छ होता, मी मान हलवली. ते काय, आपोआप होतं."

मित्रांनो, ही गोष्ट इथे सुरू होते. बाई नोकरीत असताना तिचा आणि मास्तरांचा मिळून आरोग्य विमा होता. त्याचा निम्मा हप्ता ऑफिस भरायचं, निम्मा तिच्या पगारातून कापला जायचा. पगार हातात यायचा तो हप्ता वजा होऊनच. इतक्या वर्षांत तो हप्ता तिने कधी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. जी गोष्ट दिसत नाही ती आपली आपण चालते असं माणसाला वाटू लागतं. पगार गेला, पेन्शन येणार, म्हणजे हप्ता आता पेन्शनमधून जाणार, असा सरळ हिशेब तिने मनाशी केला होता.

इकडे मास्तरांचा उजवा पाय कुरकुर करू लागला होता. सुरुवातीला ते म्हणायचे, हवा बदलली. मग म्हणायचे, खुर्ची खाली झाली. खुर्चीवर एक उशी आली, मग दोन. पुढे ते डाव्या पायाने पायडल मारू लागले आणि ज्यांच्या शिवणीवर पट्टी लावून बघावी त्या मास्तरांची टीप वाकडी जाऊ लागली. वाकडी गेली की ते ती उसवायचे आणि परत घालायचे. बाईने त्यांना सांगितलं, मला डॉक्टरकडे जायचंय, सोबत चला. सोबत म्हणून गेलेले मास्तर स्वतःचीच तपासणी करून आले. खुब्याचा सांधा पार झिजला होता. डॉक्टर म्हणाले, बदलावा लागेल, आणि तोही लवकर, नाहीतर अंथरूण धराल.

मास्तर घरी आले आणि काही न बोलता इस्त्री गरम करायला ठेवली. बाईने मात्र ऑपरेशनची तारीख ठरवून टाकली.

आणि मग मी वाजलो. दवाखान्याच्या खिडकीवरची एक मुलगी बोलत होती. तारीख ठरली आहे, पण तुमचा विमा बंद दाखवतोय, ती म्हणाली. बाई म्हणाली, चूक असेल, मी बघते. पलीकडची म्हणाली, बघा, विमा नसेल तर सगळा खर्च आधी भरावा लागेल, नाहीतर ही तारीख दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.

बाईने पुढचे कितीतरी दिवस माझ्यावर काढले. मोबाइलवर नाही, माझ्यावर. माझ्या तबकडीतली खडूची पूड सगळी झडून गेली. पगार विभाग म्हणाला, तुम्ही आता आमच्याकडे नाही, पेन्शन कचेरीला विचारा. पेन्शन कचेरीतला कुणीतरी म्हणाला, तुमची पेन्शन तर याच महिन्यात सुरू झाली, विम्याचं आम्हाला काय माहीत, विमा कचेरीला विचारा. विमा कचेरीतली म्हणाली, हप्ता यायचा थांबला म्हणून बंद झाला, हप्ता कोण भरतं ते पगार विभागाला विचारा. कुणी उर्मट बोललं नाही. सगळ्यांनी अगदी गोड आवाजात तिला पुढच्याकडे ढकललं. थांबा, जोडून देते, असं जिने आयुष्यभर लोकांना सांगितलं, ती आता त्याच वाक्यानंतरचं संगीत ऐकत बसली होती.

स्वतःच्या खिशातून ऑपरेशन करणं त्या दोघांना झेपणारं नव्हतं. तिने लेकीला फोनवर तसं सांगितलं, आवाज खाली ठेवून. लेक म्हणाली, मी कर्ज काढते. बाई म्हणाली, थांब जरा, मला आधी हे समजून घेऊ दे.

या सगळ्यात घरात एकच माणूस खुशीत होता. मास्तर शीळ घालू लागले. त्यांनी दुकानातले सगळे कोट पुन्हा एकदा इस्त्री केले. जेवताना दोनदा वाढून घेतलं. विमा नाही तर नाही, ते म्हणाले, इतकी माणसं लंगडतात, मी एकटाच थोडा आहे? बाईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. त्या आनंदाखाली काय आहे ते तिला दिसत होतं, मलाही दिसत होतं. पण त्यावर बोट ठेवायचं तर भावाचं नाव काढावं लागलं असतं आणि ते नाव त्या घरात निघत नव्हतं.

एके सकाळी चहा संपवून ती माझ्यासमोर स्टूल घेऊन बसली आणि तिने नगरपालिकेचा मुख्य नंबर फिरवला. बोर्डावर आता दुसरी बाई होती.

"मी बोलतेय," ती म्हणाली. "तुझ्या खुर्चीवर आधी होते ती."

पलीकडची हसली. म्हणाली, खुर्चीचा डावा हात अजून डुगडुगतो. मग आमच्या बाईने तिला काम सांगितलं. पगार विभाग, पेन्शन कचेरी आणि विमा कचेरी, तिघांनाही एकाच वेळी एकाच लाइनवर घ्यायचं. एकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं की तो दुसरा तिथेच हजर पाहिजे. बोर्डावरच्या बाईने सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. असं कुणी कधी मागितलं नव्हतं. मग म्हणाली, करून बघते.

माझ्या वायरीत एकामागून एक तीन खटके झाले आणि तीन माणसं बोलू लागली. गंमत अशी की तिघांनी आधी एकमेकांनाच नमस्कार केला. एकाच गावात, एकाच कामाच्या तीन टोकांवर ती माणसं बसली होती आणि एकमेकांशी कधी बोलली नव्हती.

पगार विभागातला म्हणाला, "मी बाईंना निरोपाच्या दिवशी सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," बाई म्हणाली. "माझं लक्ष नव्हतं. आता आहे."

पेन्शन कचेरीत या वेळी जो कारकून लाइनवर आला होता त्याला सर्दी झाली होती. दर वाक्यानंतर तो नाक ओढायचा. पण समजावून सांगण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. "बाई," तो म्हणाला, "पगार थांबला की पगारातून जाणारा हप्ताही थांबतो. तो आपोआप पेन्शनला येऊन चिकटत नाही. पेन्शन सुरू व्हायला काही महिने लागतात, कागद फिरावे लागतात. त्या मधल्या महिन्यांचा हप्ता आपला आपण थेट विमा कचेरीत भरायचा असतो. तो राहिला, म्हणून विमा थांबला. पेन्शन सुरू झाली की पुढचं आमच्याकडे. निम्मा हप्ता पेन्शनचा फंड भरतो, निम्मा तुमच्या पेन्शनमधून आधी कापून घेतो आणि उरलेले पैसे तुमच्या खात्यात टाकतो. मग तुम्हाला कुठे जावं लागत नाही."

विमा कचेरीतली म्हणाली, राहिलेले हप्ते या महिनाअखेरपर्यंत भरले तर जुनाच विमा पुढे चालू राहील, मध्ये खंड पडला असं धरणार नाही. पुढच्या महिन्यात आलात तर मात्र नवा विमा घ्यावा लागेल. आणि नवा विमा देताना आम्ही पहिल्यांदा विचारतो की आधीपासून कुठलं दुखणं आहे का.

बाईने पदराने कपाळ टिपलं. उद्या सकाळीच भरते, म्हणाली. पगार विभागातला आणि विमा कचेरीतली, दोघंही निरोप घेऊन लाइनवरून गेले. बोर्डावरची बाईही बाजूला झाली. बाई कारकुनाचे आभार मानून मला ठेवणार, एवढ्यात तो म्हणाला, "अजून एक आहे. तुमचं नाव चालू होईल. तुमच्या मिस्टरांचं नाव आपोआप येत नाही. ते स्वतः कमावतात, तर त्यांना वेगळा विमाही घेता येतो. तुमच्या पेन्शनवरच्या विम्यात यायचं का, हे त्यांनी स्वतः सांगावं लागतं. सही उद्या घेऊ, पण आत्ता त्यांनी तोंडाने हो म्हटलं तर मी नोंद करून ठेवतो. आहेत का घरात?"

मास्तर घरातच होते. मशीनवर होते. इतका वेळ त्यांनी एकच बाही पुढ्यात धरली होती. कारकुनाचं शेवटचं वाक्य त्यांना ऐकू गेलं नसणार, पण बाई त्यांच्याकडे ज्या नजरेने वळली त्यावरून त्यांना कळलं. त्यांनी डावा पाय पायडलवर ठेवला आणि मशीन जोरात चालू केलं. सुईत दोरा नव्हता.

बाई त्यांच्यावर रागावली नाही. ती थांबली. मास्तरांचा पाय दमला, मशीन थांबलं, तेव्हा ती हळू आवाजात बोलली.

"अहो, मी आयुष्यभर लोकांची बोलणी जोडून दिली. तुमच्या वतीने मीच बोलले, इतकी वर्षं. पण हे मला तुमच्या वतीने बोलता येत नाही."

तिने रिसीव्हर टेबलावर, बेतलेल्या कापडावर ठेवला, कात्रीच्या शेजारी. आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

माझ्यातून बारीक आवाज येत होता. हॅलो. हॅलो. काका, आहात का? कारकून फोन ठेवत नव्हता. मास्तर माझ्याकडे बघत होते. रिसीव्हर त्या वेळीही असाच कापडावर आडवा पडला होता, हे मला आठवत होतं आणि त्यांनाही आठवत असणार. मग ते टेबलाला धरून उठले. उजवा पाय ओढत दोन पावलं आले. हात पँटला पुसला आणि मला उचललं.

इतक्या वर्षांनी त्यांचा हात मला लागला. अंगठ्याला सुईचे तेच बारीक खड्डे होते.

"बोला," मास्तर म्हणाले.

कारकुनाने सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि मग एकदम, कुणी काही विचारलेलं नसताना, त्या अनोळखी माणसाला सांगितलं, "माझा भाऊ चालत गेला होता. परत आला नाही. मला याच फोनवर कळलं."

आतला नळ बंद झाला.

या वेळी कारकुनाने नाक ओढलं नाही. मग म्हणाला, "काका, मला ऑपरेशनमधलं काही कळत नाही. मी हप्ते बघतो. एवढंच सांगतो, आज हो म्हणालात तर पायाचं काय करायचं ते उद्याही ठरवता येईल. नाही म्हणालात तर ठरवण्यासारखं काही उरणार नाही."

मास्तरांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. रस्त्यावरून एक माणूस त्यांनीच शिवलेला कोट घालून चालला होता. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मास्तर त्याच्याकडे बघत राहिले.

"घाला माझं नाव," ते म्हणाले. "तिच्या नावाखाली."

"खालीच येतं ते," कारकून म्हणाला. "चालेल ना?"

"इतकी वर्षं तिथेच आहे," मास्तर म्हणाले.

पलीकडे कारकून हसला आणि हसता हसता त्याला शिंक आली. मास्तर म्हणाले, जपा, आणि रिसीव्हर नीट जागेवर ठेवला. माझ्या आत खट असा आवाज झाला. बाई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हात ओलेच होते. मास्तर तिला म्हणाले, त्या माणसाला सर्दी झालीय. ती म्हणाली, हो, मघापासून. आणि दोघं आपापल्या कामाला लागली.

दुसऱ्या दिवशी बाईने राहिलेले हप्ते भरले. ती तिथून परस्पर पेन्शन कचेरीत गेली, मास्तरही तिच्यासोबत लंगडत गेले आणि सही करून आले. येताना त्यांनी लेकीसाठी बरणीभर मध आणला, कारण बरणी छान होती. पुढच्या महिन्याची पेन्शन थोडी कमी आली. आपले पैसे कमी आलेले पाहून एवढी खूश झालेली बाई मी दुसरी पाहिलेली नाही. तिने लेकीला मुद्दाम फोन करून सांगितलं, कापले गं, या महिन्यापासून कापायला लागले.

मास्तर दवाखान्यात गेले तेव्हा त्यांनी दुकानाच्या दाराला कुलूप स्वतः लावलं. बाहेरून त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं, ते मला ऐकू आलं. घर रिकामं झालं. लेक आली होती, ती आणि बाई दोघी दवाखान्यात. मी टेबलावर एकटा. मी फोन आहे, वाजणं एवढंच माझं काम. पण त्या दिवसांत मला पहिल्यांदाच वाटलं की आपण वाजू नये.

एका सकाळी बाई आंघोळीसाठी म्हणून घरी आली. लेक तिकडे मास्तरांजवळ थांबली होती. बाई केस पुसत होती आणि मी वाजलो. पहिल्या घंटेला ती जागेवरच थिजली. दुसऱ्या घंटेला माझ्याजवळ आली. तिसऱ्या घंटेला तिने रिसीव्हर उचलून कानाला लावला.

"हॅलो," पलीकडून एक आवाज आला, जाडाभरडा, गरजेपेक्षा मोठा. "हॅलो. कोण बोलतंय?"

"तुम्ही कोण?" बाईने विचारलं.

"अगं, मी."

तिला क्षणभर ओळखूच आलं नाही. नवऱ्याचा आवाज तिने खोलीत ऐकला होता, स्वयंपाकघरातून ऐकला होता, झोपेत ऐकला होता. तारेवरून कधी ऐकला नव्हता. तीच काय, पलीकडून येणारा त्यांचा आवाज मीही पहिल्यांदाच ऐकत होतो. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा मोबाइल मागून घेऊन, पावत्यांवर वाचून वाचून पाठ झालेला आपल्याच घराचा नंबर मास्तरांनी लावला होता.

"उभा राहिलो," ते म्हणाले. "आत्ता. पोरगी समोर आहे, तिने पाहिलं. चार पावलं टाकली."

बाई स्टुलावर बसली. तिने माझी वायर हाताभोवती गुंडाळून घेतली.

"ऐकू येतंय का?" मास्तरांनी विचारलं.

"स्वच्छ," ती म्हणाली. आणि मग रडली. पण ते रडणं वाईट नव्हतं, हे मी खात्रीने सांगतो. मास्तरांनीही ते ओळखलं असावं, कारण ते तिच्या रडण्यावरून पुढे बोलतच राहिले. टेबलावर राखाडी कापड बेतून ठेवलंय, त्यावर चहाचा कप ठेवू नकोस. इथल्या परिचारिकेच्या कोटाची बाही फार वाईट बसवलीय, मी तिला सांगितलं, घरी घेऊन ये. तो मोबाइलवाला माणूस आता फोन परत मागतोय, पण मला वाटतं अजून थोडा वेळ देईल.

हल्ली मास्तर मशीनवर उजवा पाय ठेवून बसतात, थोडा वेळ. शिवणही सरळ जाते. मी वाजलो की उठून येतात आणि मला उचलतात, एखाद्या वेळी तर बाईच्या आधी. फोनवर ते अजून ओरडूनच बोलतात. पलीकडचा माणूस जितका लांब, तितका आवाज मोठा करायचा असतो, अशी त्यांची समजूत आहे. गिऱ्हाइकांना ते अजूनही परवा या असंच सांगतात. विम्याचा हप्ता दर महिन्याला पेन्शनमधून जातो आणि बाई दर महिन्याला तो गेला की नाही ते बघते. आता ती कशालाच आपोआप म्हणत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी नुकतंच निवृत्त झालं असेल, तर आज त्यांच्याशेजारी जाऊन बसा आणि विचारा, आजी, आजोबा, पगार थांबला, आता विम्याचा हप्ता कुठून जातो? त्यांना माहीत नसेल तर त्यांच्यासोबत बसून नंबर लावा. पलीकडच्याने पुढे ढकललं तर पुन्हा लावा. आणि मोठ्या माणसांच्या हट्टाखाली कधी कधी भीती असते. तिला हसू नका, थोडं थांबा.

माझ्यासारखा एखादा जुना फोन कुठे दिसला तर त्याच्यावरची धूळ जरूर पुसा. आणि तो वाजला, तर उचला. वाईट बातमी आली तरी आमची घंटा तशीच वाजते आणि माणूस पायांवर उभा राहिला तरी तशीच. कोणती आहे, ते उचलल्याशिवाय कळत नाही.